नक्षीचं पिस्तूल त्यांच्या कमरेला, गोळा आपल्या पोटात

(पोस्ट मोठी आहे. मानपाडा रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात की वाचा, वेळ पुरेल.)

परवा रात्री अकरा वाजता भाच्याने मोबाइलवर एक फोटो पाठवला. खाली लिहिलेलं, 'मामा, चीज बघ!' उघडून बघतो तर पिस्तूल. अमेरिकेतल्या कुठल्या तरी कंपनीचं. वरच्या पोलादावर वेलबुट्टी कोरलेली, मुठीवर शिक्का, प्रत्येक नगाला वेगळा क्रमांक आणि नग मोजकेच काढणार. लिमिटेड एडिशन. हे म्हणे संग्राहकांसाठी आणि रेंजवर नेमबाजी करणाऱ्यांसाठी.

पोरगा एकोणीस वर्षांचा. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. जत्रेतल्या फुग्यांवर छर्रे मारले, एवढाच त्याचा नेमबाजीचा अनुभव. मी विचारलं, "तुला काय करायचंय रे याचं?" तर म्हणतो, "मामा, कमरेला लावलं ना, की लोक आपोआप बाजूला होतील."

नेम धरायचाय असं तो म्हणाला नाही. नक्षी आवडली असंही म्हणाला नाही. लोक बाजूला होतील, म्हणाला. त्या अमेरिकन कंपनीने त्याला हे शिकवलेलं नाही. तो हे आपल्या मानपाडा रोडवर शिकलाय. ठाण्यातल्या घोडबंदरच्या मानपाड्यावर नाही, आपल्या डोंबिवली पूर्वेच्या.

मी इथे बावीस वर्षं राहतोय. या भागात पिस्तुलाला 'घोडा' म्हणतात, 'सामान' म्हणतात, हे मला पूर्वी फक्त सिनेमातून माहीत होतं. आता लग्नाच्या हॉलमध्ये कानावर पडतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळखीतली हळद होती. मंडप, डीजे, जेवणावळी, सगळं झोकात. हळदीला माझा काही आक्षेप नाही, आमच्याही घरी नाचतात. तिथे एक गृहस्थ आले. सोबत चार पोरं, पांढरा शर्ट, बाही दुमडलेली, आणि शर्ट असा खोचलेला की कमरेचं दिसलंच पाहिजे. जेवताना पोरांनी आग्रह केला तसं त्यांनी ते काढून दाखवलं. मुठीवर चांदीचा पत्रा, त्यावर मोर, खाली स्वतःच्या नावाची आद्याक्षरं. कुठून कोरून घेतलं, किती पैसे दिले, हे नवऱ्या मुलाच्या शालूइतक्या कौतुकाने सांगत होते. पोरं फोटो काढत होती. माझा भाचाही काढत होता.

मी काय केलं? पुरणपोळी खाल्ली आणि घरी आलो.

मग गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत पुनर्विकासाची बैठक झाली. चौसष्ट फ्लॅट, तीस वर्षांची इमारत, पावसाळ्यात जिन्यात बादल्या लावतो. रीडेव्हलपमेंट हवंच आहे. वाद होता तो कार्पेट एरियाचा आणि भाड्याच्या रकमेचा. तळमजल्यावरचे एक काका कागद घेऊन उभे राहिले. निवृत्त माणूस, आकडेमोड पक्की. त्यांनी पहिला प्रश्न विचारला. तेवढ्यात समोरच्या बाजूने आलेल्या माणसाने कमरेचं पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं आणि हसून म्हणाला, "बसताना टोचतं हो. तुम्ही बोला काका."

काका बोलले नाहीत. कागदाची घडी घातली आणि बसले.

त्या संध्याकाळी संमतीपत्रांवर भराभर सह्या झाल्या. कुणी धमकी दिली नाही, शिवी दिली नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. पोलिसांत जाऊन सांगायचं तरी काय? साहेब, त्याला बसताना टोचत होतं?

सही करणाऱ्यांत मीही होतो. ही पोस्ट मी त्या सहीच्या लाजेने लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो.

आता कायदा काय म्हणतो ते बघा, कारण त्याच्याविषयी आपल्याकडे नुसत्या वाफा असतात.

भारतात पिस्तूल बाळगणं हा कुणाचा हक्क नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आहे, त्याखाली परवाना मिळतो. आपल्याकडे तो देतात ठाण्याचे पोलीस आयुक्त. जिवाला धोका, मालमत्तेचं संरक्षण, खेळ अशी कारणं द्यावी लागतात. २०१९ मध्ये कायदा बदलला आणि सर्वसाधारण परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं ठरलं. त्याच दुरुस्तीत लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढणं हा वेगळा गुन्हा झाला: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी तर सार्वजनिक ठिकाणी शस्त्र नाचवायला सरळ बंदी घातली आहे. न्यायचं तर होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, नीट झाकून.

म्हणजे त्या हळदीत जे चाललं होतं ते शौक नव्हतं, नियमभंग होता. आणि आम्ही दीडशे माणसं साक्षीदार होतो.

आणि ते फोटोतलं अमेरिकन लिमिटेड एडिशन? ते मानपाड्यात सरळ मार्गाने येणारच नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक-पिस्तूल आयात करता येत नाही. नामांकित नेमबाजांना तेवढी सवलत आहे. बाकीच्यांनी सरकारी कारखान्याचं ०.३२ बोअरचं घ्यायचं, नाहीतर कुणाच्या तरी आजोबांच्या काळातलं जुनं विलायती मिळालं तर त्याला वाट्टेल ती किंमत मोजायची. ९ एमएम सामान्यांना बंदच.

मग या हौसेला माल कुठून मिळतो? मध्य प्रदेशच्या सीमेवरून. बडवानी, खरगोन, बुऱ्हाणपूर या पट्ट्यात गावठी पिस्तुलं बनतात. आपल्या जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून असलेल्या उमर्टीचं नाव तर पोलिसांच्या कागदात इतक्या वेळा आलंय की नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी थेट तिथे जाऊन भट्ट्या मोडल्या. आणि गंमत बघा, गावठी पिस्तुलांवरही कोरीवकाम असतं बरं का. भट्टीत ठोकून काढलेल्या लोखंडावर 'मेड इन यूएसए' कोरलेलं असतं!

पिस्तुलावर कायद्याला एकच कोरीवकाम लागतं, ते म्हणजे बनवणाऱ्याचं नाव आणि नंबर. शस्त्र कायद्याचं कलम ८ तेवढ्यासाठीच आहे. तो नंबर खरवडला, बदलला, तर गुन्हा. कारण गोळी सुटल्यावर ती कुणाच्या शस्त्रातून सुटली हे त्या नंबरवरूनच शोधायचं असतं. आपल्याकडे मोर कोरणारे भरपूर. नंबर तपासणारे किती, हा प्रश्न आहे.

आता काही जण म्हणतील, "तुम्ही गावठी कट्टेवाल्यांना बोला. लायसन्सवाला माणूस जबाबदार असतो."

असतो? आपल्या शेजारच्याच गोष्टी आठवा.

२ फेब्रुवारी २०२४. उल्हासनगरचं हिललाइन पोलीस ठाणं. चौकाचौकात नाही, ठाण्याच्या आत, वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये. द्वारली गावच्या जमिनीचा वाद. कल्याण पूर्वचे तेव्हाचे भाजप आमदार गणपत गायकवाड यांनी शिंदे गटाचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. सीसीटीव्हीचं चित्रण सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. महेश गायकवाड आणि त्यांचा सहकारी जखमी झाले, नशिबाने वाचले. खटल्याचं काय ते कोर्ट बघेल. पण पिस्तूल परवान्याचं होतं. दोन्ही पक्ष सत्तेत एकत्र होते. आणि जागा होती पोलीस ठाण्याची. जबाबदारीची याहून मोठी परीक्षा कुठली घ्यायची?

बरोबर सहा दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, दहिसर. माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना मॉरिस नरोन्हाने फेसबुक लाइव्हवर गोळ्या घातल्या आणि नंतर स्वतःला संपवलं. ते पिस्तूल त्याचं नव्हतं. अंगरक्षकाच्या नावावर परवाना होता. म्हणजे ज्याच्याकडे परवाना नाही त्याने परवानावाला माणूसच पगारावर ठेवायचा, म्हणजे पिस्तूल आपोआप घरात येतं. आपल्या भागात किती 'बॉडीगार्ड' याच कामाचे आहेत, मोजा जरा.

आणि जुलै २०२४ मध्ये मुळशीचा तो व्हिडिओ आला. मनोरमा खेडकर हातात पिस्तूल घेऊन जमिनीच्या वादात शेतकऱ्यांशी बोलताहेत. त्यात गोळी सुटताना दिसत नाही. पण गोळी सुटायची गरज तरी काय होती? आमच्या सोसायटीच्या टेबलावरही सुटली नव्हती.

हाच माझा मुद्दा आहे. दाखवणं हाच वापर आहे. दाखवायच्या पिस्तुलाला नक्षी लागते, कारण ते दिसण्यासाठीच असतं. खरंच जिवाला धोका असलेला माणूस शस्त्र लपवतो. मोर कोरून हळदीत फिरवत नाही. ज्याने शस्त्राचा दागिना केला, त्याने स्वतःच सिद्ध केलं की त्याच्या जिवाला धोका नाही. धोका त्याच्यापासून इतरांना आहे.

आणखी एक साधी गोष्ट. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. कुणाची घ्यायची, कुणाला सूट द्यायची हे समिती ठरवते, पण बहुतेकांची जमा होतात. आचारसंहिता संपेपर्यंत ही मंडळी शस्त्राविना फिरतात. प्रचार करतात, गर्दीत घुसतात, रात्री दोनला घरी येतात. काही होत नाही. म्हणजे वैर जेव्हा टोकाला असतं तेव्हा शस्त्राशिवाय चालतं आणि एरवी भाजी आणायला जाताना जिवाला धोका असतो!

शस्त्राचा दागिना करण्यात सरकारही मागे नाही. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं. किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि दिलं कशात, तर दागिन्याच्या डबीसारख्या पेटीत. रात्री साडेअकराला डोंबिवली स्टेशनवरून शेअर रिक्षाने येणाऱ्या आमच्या पोरींना सव्वा लाखाचं रिव्हॉल्व्हर नकोय हो. रस्त्यावर दिवे हवेत आणि फोन उचलणारा पोलीस हवा.

आणि आपला मानपाडा रोड? जानेवारी २०१९ आठवतोय? याच रोडवरच्या एका फॅशनच्या दुकानावर कल्याण गुन्हे शाखेने धाड टाकली. गिफ्ट, कॉस्मेटिक्स यांच्या जोडीला तलवारी, चॉपर, कुकरी, गुप्ती, एअरगन... १७० शस्त्रं निघाली. अटक कुणाला झाली? तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाच्या शहर पातळीवरच्या पदाधिकाऱ्याला. मेकअपच्या सामानाशेजारी चॉपर! तेव्हा आम्ही दोन दिवस चर्चा केली, तिसऱ्या दिवशी पुन्हा खड्ड्यांवर बोलायला लागलो.

मला कुणी म्हणेल, "तुम्हाला शस्त्राचीच ॲलर्जी आहे. आपली परंपरा शस्त्राची आहे. दसऱ्याला पूजा करता ना?"

करतो. आमच्या घरी विळी, कोयता आणि वडिलांचा पाना यांची पूजा होते. वडील कारखान्यात फिटर होते. पूजा ही हत्याराची कृतज्ञता असते, शेजाऱ्याला दिलेली ताकीद नसते.

आणि कोरलेल्या शस्त्राचं म्हणाल, तर ते किती सुंदर असतं हे मलाही कळतं. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनला लिलावात निघाली. राज्य सरकारने ती घेतली, एकूण खर्च ४७.१५ लाख. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पातं युरोपातलं, त्यावर सोन्याची कोफ्तगिरी आणि सोन्यातच देवनागरीत रघुजींचं नाव. त्या पात्यामागे बंगाल-ओडिशापर्यंत गेलेल्या मोहिमा आहेत. सेनासाहेबसुभा ही पदवी आहे. ती तलवार काचेच्या पेटीत ठेवली, समोर शाळेची पोरं उभी राहिली, आणि कुणालाही भीती वाटली नाही. संग्रह म्हणतात तो हा. कोरीव शस्त्राची जागा ती. आता मला सांगा, कमरेच्या मोरामागे कुठली मोहीम आहे? ओपन प्लॉटला पत्रे मारण्याची?

दुसरा शब्द जाहिरातीत होता, रेंज. त्यावरही बोलू, कारण तिथे तर आपल्या ठाण्याने जग जिंकलंय. रुद्रांक्ष पाटील. ठाण्याचा पोरगा. ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलमध्ये जागतिक विजेता झाला, वय अठरा. भारतीय पुरुषांमध्ये याआधी हा मान एकट्या अभिनव बिंद्राचा. त्या रायफलच्या निशाण्यावर दहाचा ठिपका किती असतो माहितीये? अर्धा मिलिमीटर. दहा मीटरवरून! किती जणांना आपल्याकडे रुद्रांक्षचं नाव माहितीये आणि किती जणांना एखाद्या भाईचं, हे भाच्याच्या मित्रांना विचारून बघितलं. उत्तर लिहीत नाही.

स्वप्नील कुसाळे घ्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, अंजली भागवत. या सगळ्यांनी आयुष्य शस्त्र हातात घेऊन काढलं. कुणीतरी त्यांना घाबरून बाजूला झालंय का?

खऱ्या नेमबाजाचं पिस्तूल बघितलंय कधी? अगदी ओबडधोबड असतं. लाकडी मूठ, तीही स्वतःच्या पंजाप्रमाणे कानशीने घासून, कुठे पुट्टी भरून बसवलेली. तिच्यावर मोर नसतो, घामाचे डाग असतात. रेंजवर पहिला धडा नेमाचा नसतो. पहिला धडा म्हणजे नळी कधीही माणसाकडे वळवायची नाही, आणि हुकूम मिळेपर्यंत शस्त्राला हात लावायचा नाही. शस्त्र टेबलावर ठेवायचं ते नळी निशाण्याकडे करून आणि रिकामं करून. आमच्या बैठकीतलं टेबलावरचं पिस्तूल कुठल्या दिशेला होतं, ते मला अजून आठवतं. काकांकडे.

म्हणून संग्राहक आणि नेमबाज या दोघांच्या नावाने हा माल खपवू नका. त्यांचा नि याचा संबंध नाही.

आता नुसतं बोंबलून उपयोग नाही. मागण्या लिहितो.

एक. ठाणे पोलीस आयुक्तालयाने दरवर्षी जाहीर करावं: आपल्या हद्दीत परवाने किती, कुठल्या कारणासाठी किती, किती रद्द केले. नावं नकोत, आकडे द्या. मी यासाठी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. मानपाडा पोलीस ठाण्याच्या हद्दीचा आकडा वेगळा मागणार आहे.

दोन. रीलमध्ये, लग्नात, वाढदिवसाच्या केकवर शस्त्र दाखवलं की परवाना निलंबित. नवा कायदा लागत नाही. कलम १७ मध्ये सार्वजनिक शांततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार आहेच. वापरा.

तीन. खासगी अंगरक्षकांचे परवाने कुठल्या राज्यातले, ते इथे नोंदवलेत का, याची घरोघर तपासणी. दहिसर झाल्यावर तरी.

चार. महापालिकेच्या शाळांतल्या पोरांसाठी दहा मीटरची एअर रायफल-एअर पिस्तूल रेंज. एक लांब खोली, निशाणे आणि एक चांगला प्रशिक्षक. ०.१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवानाही लागत नाही. ज्या पोराला पिस्तुलाचं आकर्षण आहे त्याला तिथे न्या. एक किलोचं वजन हात लांब करून तासभर धरायला लावा. मस्ती उतरते, नाहीतर पदक येतं. दोन्हीत फायदाच.

पाचवी मागणी कुणाकडे नाही, आपल्या आपल्यातच आहे. हळदीत, साखरपुड्यात, बारशात कुणी कमरेचं काढलं की कौतुकाने बघायचं नाही. फोटो काढायचा नाही. यजमानाने सांगायचं, दादा, गाडीत ठेवून या. एकट्याने सांगायला भीती वाटते, मला माहितीये. चौघांनी मिळून सांगा.

आता मी काय करणार, तेही सांगतो. आमची विकासक निवडीची अधिकृत सभा, ७९(अ)ची, पुढच्या महिन्यात आहे. उपनिबंधकांचा प्रतिनिधी असतो, चित्रीकरण होतं. सभेच्या आधी मी समितीला लेखी पत्र दिलंय: सभागृहात कुणीही शस्त्र घेऊन येणार नाही, दारावर तशी सूचना लागेल, कुणी आणलं तर सभा तिथेच थांबवून पोलिसांना फोन. पत्रावर पहिली सही माझी. संध्याकाळपर्यंत सात झाल्या.

आठवी घ्यायला तळमजल्यावर गेलो. काकांनी पत्र दोनदा वाचलं. एक शुद्धलेखनाची चूक काढली. मग आत जाऊन जुने कागद घेऊन आले, कार्पेट एरियाचे, घड्या अजून तशाच. म्हणाले, "सही करतो. पण या वेळी माझा प्रश्न पूर्ण होईपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही."

नाही बोलणार, काका.

पटलं तर आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका. भाच्याला मी टाकलीये. अजून उत्तर आलेलं नाही, पण निळ्या टिका दिसताहेत.